ऊसतोडीला निघताना: पाच महिने टिकेल अशी कोपी

बीड, धारूर, पाटोद्याकडून गाड्या दिवाळीच्या आसपास निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. तेवढे दिवस कोपी, म्हणजे बांबू-ताडपत्रीची झोपडी, हेच घर, म्हणून ताडपत्री गावातच मोजून घ्या.

८ फूट रुंद, १० फूट लांब कोपी जोडप्याला आणि दोन लेकरांना पुरते. आढं ७ फुटांवर धरलं, तर एका उताराची लांबी ८ फूट होते. दोन्ही उतारांचे १६, जमिनीवर दाबायला दोन्हीकडे एकेक फूट. लांबीलाही पुढं-मागं फूटभर जास्त. म्हणजे १२ बाय १८ ची ताडपत्री लागते. २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) खालची घेऊ नका. पातळ निळी ताडपत्री उन्हानं कडक होते आणि घडीवर चिरते. बांबूच्या टोकांवर जुनं पोतं गुंडाळा. भोक पडतं ते तिथंच.

मेढी, म्हणजे आढं पेलणारे खांब, साडेआठ फुटांच्या घ्या, दीड फूट गाडायच्या.

जागा उंचवट्याची निवडा. काळ्या रानात अवकाळी पाऊस झाला की चिखल थेट अंथरुणात येतो, म्हणून भोवती वीतभर खोल चर खणून उताराला काढून द्या. थंडीतलं वारं बहुतेक पूर्वेकडून येतं, दार पश्चिमेला ठेवा.

चूल मात्र आत नकोच. पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांना, ठिणगी पुरते. दहा पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडा, शेजारी पाण्याची घागर भरलेली असू द्या. बाळाची झोळी आढ्याला बांधण्याआधी स्वतः लोंबकळून बघा.