टो-कॅपच्या मागची चार बोटं: सेफ्टी बुटावरचा गार्ड कसा करावा

सेफ्टी बूट पायात असताना माझा पाय मोडला. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले नग साफ करायच्या, टेबलावरून साडेसात किलोचा रायझर (ओतकामात नगाला जोडून राहणारा जादा धातूचा तुकडा) घसरला आणि टो-कॅपच्या, म्हणजे बुटातल्या बोटांवरच्या कडक टोपीच्या, बरोब्बर मागे बसला. दोन हाडं गेली, सहा आठवडे प्लास्टर. बूट मात्र नव्यासारखा! सुपरवायझरनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बुटाला काय झालेलं नाही की." कुठली फाउंड्री ते विचारू नका. अशा टेबलांची कोल्हापूरकडे शिरोलीपासून कागलपर्यंत काही कमी नाही.

मी टूलरूमचा, म्हणजे कारखान्यातली हत्यारं-साचे करणारा, माणूस. प्लास्टरमध्ये बसल्या बसल्या हिशेब केला. साडेसात किलो, टेबलाची उंची ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण ५९ ज्यूलचा मार (ज्यूल हे माराची ऊर्जा मोजायचं माप). आपल्या आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या भाग २ मधला सेफ्टी बूट बोटांवर २०० ज्यूल सोसतो. २० किलोचं वजन १०२ सेंटिमीटरवरून सोडलं की होतात तेवढे. मग ५९ मध्ये हाड का मोडलं? कारण टो-कॅप बोटांपुरतीच असते. तिच्यामागे, नाडी सुरू होते तिथं, चार बोटं रुंदीची जागा नुसत्या कातड्याच्या भरवशावर असते. पावलाच्या पाठीची पाच लांब हाडं तिथंच आहेत. डॉक्टर त्यांना मेटाटार्सल म्हणतात, म्हणून त्यांच्यावर बांधायच्या गार्डालाही तेच नाव.

आधी एक सांगतो. नवीन बूट घ्यायचे असतील तर ज्यावर इंग्रजी 'एम' अक्षराची खूण आहे ते मागवा. त्यांत हे संरक्षण बुटातच बसवलेलं असतं आणि पावलाच्या पाठीवर १०० ज्यूलला तपासलेलं असतं. पट्ट्यानं बांधायच्या गार्डाला ती खूण मिळत नाही. तरी तो लागतोच, कारण शंभर माणसांचे बूट एका दिवसात बदलत नाहीत, आणि ओतकामाजवळ नाडीवर झाकण हवंच. फक्त बुटाला भोक पाडून गार्ड ठोकू नका. भोक पाडलं की बुटावरच्या आयएसआय शिक्क्याला अर्थ उरत नाही.

आता मुद्द्याचं. गार्ड म्हणजे पुलाची कमान. वरून आलेला मार पुढे टो-कॅपवर, बाजूंनी जमिनीवर उतरला पाहिजे. मधल्या पावलाला त्याची खबर लागता कामा नये. जाड पत्रा बुटावर चपटा बसवला तर मार फक्त पसरतो, जातो पायातच. मी पाहिलेले बरेचसे घरगुती गार्ड असेच, हातगाडीच्या मडगार्डासारखे. पुढचं प्रत्येक माप घेताना स्वतःला एकच विचारा: हा मार कुठून जमिनीत जाणार?

मापाला पत्रा घेऊन बसू नका. जाड लग्नपत्रिका घ्या, घरात पडलेल्या असतातच. ज्याचा पाय, त्यालाच मोजे-बूट घालून उभं करा. बसलेल्या माणसाचं माप घेऊ नये, भार पडला की पाऊल पसरतं. अंगठ्यानं बूट दाबत मागे या. कडक लागायचं थांबतं तिथं कॅपची मागची कड, तिथं खडूची रेघ. मग त्याला चवड्यावर बसायला सांगा. बुटाला जिथं सुरकुती पडते ती वाकण्याची रेघ, ती दुसरी. घोट्यापुढची घडी तिसरी.

पत्रिका या रेघांवर बसवून कापा. गार्डाची पुढची जीभ, म्हणजे कॅपवर टेकणारा भाग, कॅपच्या कडेच्या पुढे २५ मिलिमीटर गेली पाहिजे. मी पहिल्यांदा १२ ठेवली होती, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. मागची कड घोट्याच्या घडीच्या २० मिलिमीटर अलीकडे थांबवा, नाहीतर खाली बसताना नडगीला लागते. बाजूचे पदर जवळजवळ जमिनीपर्यंत, ३ मिलिमीटर वर. चालताना ते घासत नाहीत, आणि मार बसला की बुटाचा मऊ पीयू (पॉलियुरेथेन) तळ दबतो, पदर जमिनीला टेकतात. पुल उभा राहिला. पदराचे पुढचे कोपरे मात्र चांगले गोल करा. टाच उचलताना तेच कोपरे फरशीत रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. डावा-उजवा वेगळा करायचा. एकच नमुना उलटा करून चालत नाही, कारण पावलाचा उंचवटा अंगठ्याच्या बाजूला असतो.

पत्रा मी १६ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला पोलादी) घेतो, म्हणजे १.६ मिलिमीटर. १८० बाय १५० चा तुकडा साधारण ३४० ग्रॅम भरतो. १४ गेज घेतला तर सव्वाचारशे, आणि शिफ्टच्या शेवटी ते पंच्याऐंशी ग्रॅम किलोसारखे वाटतात. ताकद जाडीतून काढू नका, आकारातून काढा. सपाट पत्रा हातानं वाकतो, त्याच पत्र्याला पन्हळ दिली की छप्पर होतं. गार्डाला आडवी कमान द्या, आणि दोन्ही बाजूंना पत्र्यातच पन्हळीसारखी उभी एकेक नाळ ठोका. ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा गार्ड सव्वादोनशे ग्रॅमला होतो आणि मशीनशॉपला उत्तम आहे. पण ते ६६० अंशाला वितळतं आणि आमचा बिडाचा रस लॅडलमधून (ओतायच्या पळीतून) साडेतेराशेच्या आसपास येतो. शिंतोड्यानं लगेच भोक पडेल असं नाही, तरी ओतकामावर मला धीर होत नाही. पॉलिकार्बोनेट दिसायला छान, पण दीडशे अंशाच्या आत मऊ पडतं. ते गोदामात वापरा.

साचा पॅटर्नशॉपमधून लाकडाचा करून घ्या. जुन्या बुटात प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरून त्याच्यावरून उतरवला तरी चालतो. पत्रा लाकडी मोगरीनं ठोका. लोखंडी हातोडीनं पत्रा जागोजागी पातळ होतो, आणि पुढे तो तिथंच फाटतो.

गार्ड एकसंध नको. वाकण्याच्या रेघेवर सांधा हवा, नाहीतर माणूस बदकासारखा चालतो आणि दुसऱ्या दिवशी गार्ड कपाटावर. मी तीन पाकळ्या करतो: कॅपवरची जीभ, मधली कमान, वरचं झाकण. एकीवर दुसरी २० मिलिमीटर चढवायची. कोणती कोणावर? घरावरची कौलं आठवा. वरची पाकळी खालचीच्या वर, म्हणजे अंगावर आलेला रस किंवा ठिणगी पुढे ओघळून जाते. उलट बसवली तर प्रत्येक सांधा म्हणजे खिसा, आणि खिशात बिडाचा थेंब.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. पहिल्या जोडीत पाकळ्या बरोबर होत्या, पण धार लागू नये म्हणून कडेची मुडप, म्हणजे दुमडलेली पट्टी, मी बाहेरच्या अंगाला घातली. दिसायला सुबक. पहिल्याच ओतकामात त्या मुडपीच्या पन्हाळीत हरभऱ्याएवढे दोन थेंब अडकले. लाल, मग काळपट, पण गरम तसेच. पोरगा पाय झटकतोय आणि ते काही पडत नाहीत! त्या दिवसापासून मुडप आतल्या अंगाला, आणि कानस मारून बर (कापलेल्या कडेची धारदार किनार) पूर्ण काढलेली. बोट फिरवून बघा. बोटाला लागलं तर पँटलाही लागणार. पँटचा पायचा गार्डच्या वरून बाहेर सोडायचा, आत खोचायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

रिव्हेट लोखंडी घ्या. ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट पटकन लागतात आणि पटकन तुटतात. सांध्याचा रिव्हेट गच्च दाबू नका, पाकळी हलली पाहिजे. मात्र नुसता सैल सोडला तर वाजतो. आमच्या फेटलिंगमधला एक जण पहिल्या दिवशी म्हणाला, "मामा, घुंगरू बांधल्यागत वाजतंय की. पोरं नाच म्हणायल्यात." त्यानं गार्ड काढून ठेवला आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. दोन पाकळ्यांमध्ये कातड्याचा वायसर घातला, आवाज बंद.

आतून गादी लावायची ती फक्त दोन्ही उतारांवर. मधला कणा, म्हणजे पावलाचा सगळ्यात उंच भाग, तिथं काही चिकटवू नका. तिथं १२ मिलिमीटरची पोकळी हवी, कारण नाडीची गाठही तिथंच येते. मी नमदा वापरतो, ८ मिलिमीटरचा. ईव्हीए फोम स्वस्त आणि हलका असतो, पण भट्टीजवळ तो आक्रसतो. नमदा घाम पितो हे खरं, म्हणून तो चिकटवायचा नाही, बटणावर लावायचा आणि रोज वाळवायचा.

पट्ट्यासाठी मी कोल्हापुरात सुभाषनगरला चप्पल करणाऱ्या एका अण्णांकडे गेलो. मला वाटलं, कोल्हापुरीचं कातडं म्हणजे शेवटचा शब्द. अण्णांनी पत्रा हातात घेतला, रापीच्या, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराच्या, पाठीनं टकटक केलं आणि विचारलं, "भट्टीजवळ लागणार? मग ह्ये कातडं नको. उष्णतेनं आक्रसून कडक हुतंय. वेल्डिंगच्या हातमोज्याचं क्रोम कातडं आण." तसंच आहे. कोल्हापुरीचं, झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं क्रोमपेक्षा कमी उष्णतेला आकसतं. नायलॉनच्या पट्ट्याचा तर विषयच नको, तो वितळून बुटाला चिकटतो.

पट्टा २५ मिलिमीटर रुंद. एक टाचेमागून, एक तळाखालून. तळाखालचा चवड्याखाली घेऊ नका. टाचेच्या पुढे तळाला जी खाच असते त्यातून घ्या, तिथं तो जमिनीला घासत नाही. बक्कल बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला असलं तर चालताना डावं उजव्यात अडकतं. बक्कलाला चार सेंटिमीटरची कातडी शेपटी ठेवा, हातमोजा घालून एका ओढीत सुटेल अशी. रस बुटात गेला तर बक्कल उलगडत बसायला वेळ नसतो. मी माणसाला हातमोजे घालायला लावतो आणि तीन मोजतो. तीनच्या आत सुटला नाही तर बक्कल बदला.

आता परीक्षा. पाय आत घालून करायची नाही, हे हसण्यावारी नेऊ नका. एकानं सुचवलं होतं. टाकाऊ बुटात शाडूची माती भरा, गणपतीवाल्यांकडे बारा महिने मिळते. आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग माती घट्ट दाबून, म्हणजे पाऊल तयार. गार्ड बांधा. वजन २० किलोचं, खाली २५ मिलिमीटरचा गोल बार आडवा वेल्ड केलेला. सपाट वजन गार्डावर मायेनं बसतं, बार खरी चूक दाखवतो. ते दोन उभ्या पाइपांमध्ये सरळ उतरेल असं ठेवा, ५१ सेंटिमीटरवरून पिन ओढून सोडा. हे झाले १०० ज्यूल, 'एम' खुणेच्या बुटाला लागतात तेवढेच. बारा किलोचा नग कमरेच्या उंचीवरून पडला तर जवळपास एवढंच होतं. चष्मा घाला, दोन मीटर लांब उभे राहा, पिनेला दोरी लावा.

मग बूट उभा चिरून मातीची उरलेली उंची व्हर्नियरनं मोजा. ८ नंबरच्या, म्हणजे ४२ च्या बुटात मानक आतून ४० मिलिमीटर मागतं. माझ्या पहिल्या गार्डात ३१ उरले. का, ते मातीनंच सांगितलं: १२ मिलिमीटरची जीभ कॅपवरून मागे घसरली होती आणि तिची कड अडकित्त्यासारखी मातीत शिरली होती. गार्ड नसता तर मुका मार बसला असता. गार्डानं बोटंच कापली असती. जीभ २५ केली, तिला कॅपच्या गोलाईचा आकार दिला, पदर ५ मिलिमीटर खाली आणले. पुढच्या वेळी ४२. तीन जोड्या फोडल्यावर मी चौथी माणसाला दिली. ही घरची परीक्षा, प्रमाणपत्र नव्हे. मोठ्या संख्येनं वाटणार असाल तर प्रयोगशाळेत पाठवा, आणि गार्ड बुटासकट पाठवा, सुटा नाही.

पायात घातल्यावर पूर्ण एक शिफ्ट द्या. जिना चढायला लावा, उकिडवं बसवा, वाळूत चालवा. काळी वाळू पाकळ्यांत जाते आणि सांधे अडकतात, म्हणून सुटीच्या भोंग्याला ब्रश मारायची सवय लावा. तेल घालू नका, वाळू आणखी चिकटते. ओला गार्ड ओतकामावर कधीच नाही. रस आणि पाणी भेटले की वाफेचा स्फोट होतो, मग गार्ड कितीही चांगला असो.

एकदा खरा मार बसला की तो गार्ड संपला, खोक दिसली नाही तरी. ठोकून सरळ केलेला पत्रा दुसऱ्या वेळी तिथंच दुमडतो. सोबत बूटही काढा, कारण अर्धा मार टो-कॅपनं घेतलेला असतो आणि ती कातड्याआड दिसत नाही. भंगारात टाकण्याआधी गार्डाचे दोन्ही पट्टे रापीनं कापा. नाहीतर चार दिवसांनी तोच गार्ड कुणाच्या तरी पायात दिसतो. मला दिसलाय, आणि मीच टाकला होता.