मोगऱ्याचं पाणी आता तोडा

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, शिरोळकडच्या काळ्या रानात मोगरा छान दाट वाढतो, पानं टवटवीत असतात, आणि चैत्रात गजऱ्यापुरत्याही कळ्या निघत नाहीत. झुडूप असतं उसाच्या बांधावर नाहीतर न्हाणीच्या सांडपाण्यावर. उसाला पाट सुटला की त्यालाही पाणी, उसाला युरिया पडला की त्यालाही. विसावाच नाही, मग नुसता पाला वाढतो.

म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडा. भारी काळ्या जमिनीत साधारण महिनाभर. पन्हाळा, शाहूवाडीकडच्या तांबड्या मातीत पंधरा-वीस दिवस पुरे. बांधावरच्या झुडपाला मातीची भर घाला, पाटाचं पाणी शिरता कामा नये. थोडी पानं गळतील, घाबरू नका. नखानं फांदी खरवडून पाहा, आत हिरवी असली की झालं. कुंडीतल्या मोगऱ्याला मात्र एवढा ताण सोसत नाही, त्याला अधूनमधून तांब्याभर पाणी द्याच.

संक्रांत झाली की छाटणी. अंबाबाईचा किरणोत्सव जानेवारीअखेरीस सुरू होतो, त्याआधी उरकून घ्या. इथंच बहुतेकांचा हात कचरतो. वाढवलेलं झुडूप कापवत नाही, मला कळतं ते, पण नुसते शेंडे खुडून भागत नाही. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यावर येते. जमिनीपासून दीड फुटावर धारदार कात्रीनं सगळं झुडूप छाटा, वाळक्या आणि गुंतलेल्या काड्या बुडातून काढा.

मग बुंध्याभोवतीची माती हलकी चाळवून मोठ्या झुडपाला दहा किलो कुजलेलं शेणखत द्या आणि भरपूर पाणी सोडा. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) घालणार असाल तर पूर्ण कुजलेलीच घ्या. ताजी मळी तापते, मुळं भाजतात. वर पाचट अंथरा. युरियाचा मोह टाळा. नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय: फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा.

कळ्या लागल्यावर रोज नजर ठेवा. जांभळट पडलेली, छिद्र असलेली कळी म्हणजे आत अळी. ती लगेच तोडून जाळा आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. विक्रीच्या कळ्या पहाटेच खुडा, पांढऱ्या आणि घट्ट मिटलेल्या. त्या त्याच संध्याकाळी उमलतात.