पुणे ते न्यूयॉर्क : अंतर आणि वेळ घरच्या घरी कशी काढायची

मुलगा न्यू जर्सीला गेल्यापासून आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणी पहिल्यांदा अमेरिकेला निघालं की तिकीट घेऊन माझ्याकडे येतं. प्रश्न ठरलेला, "काकू, सहाच तासांत कसं पोचणार?"

समजा, विमान मुंबईहून रात्री १:३० ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी ७:३० ला न्यूयॉर्कला उतरतं. या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे विमान उतरेल तेव्हा पुण्यात संध्याकाळचे ५ वाजलेले असतील. प्रवास साडेपंधरा तासांचा झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत मात्र साडेदहा तास धरा.

अंतरासाठी भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावू नका, पृथ्वीगोल घ्या. आमच्याकडचा मुलाच्या शाळेपासूनचा आहे, व्यास ३० सेंटीमीटर. त्याचा परीघ ९४ सेंटीमीटर आणि पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर, म्हणून एका सेंटीमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून दुसरं न्यूयॉर्कपर्यंत घट्ट ताणा. दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर. तो रशियावरून, आइसलंडजवळून जातो. पहिल्या वेळी मला वाटलं, दोरा सरकला. पुन्हा ताणला, तरी तिथूनच. गोलावरची जवळची वाट तीच.

ताशी ९०० किलोमीटरने हे जवळजवळ १४ तास होतात. उरलेला वेळ चढण्या-उतरण्यात, वाऱ्यात आणि वळशात जातो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात, म्हणून परतीला वेळ कमी लागतो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. आपला दोरा नेमका तिथूनच जातो, त्यामुळे भारतीय कंपनीचं विमान असेल तर वळसा धरूनच हिशेब करा.

आता पुण्याचं. तिकिटावर हे काहीच नसतं, आणि खरी चूक इथेच होते. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १०:३० ला पोचायचं. एक्स्प्रेसवेने एरवी चार तास पुरतात, पण शुक्रवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात गाडी अडकली की काही खरं नाही. मी ५ वाजताच निघते. दारातून न्यूयॉर्कच्या धावपट्टीपर्यंत पूर्ण २४ तास. बॅगेतले दशम्या-चटणी आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्या हिशेबाने वरच्या वर ठेवा.

आणि तारीख! १२ तारखेचं रात्री १:३० चं विमान म्हणजे पुण्यातून ११ तारखेलाच निघायचं. माझी सख्खी नणंद १२ ला दुपारी बॅगा भरून शांतपणे चहा पीत होती, तेव्हा विमान जाऊन बारा तास झाले होते. त्या दिवशीचं तिचं रडणं मी विसरलेले नाही. तेव्हापासून गाडी ठरवताना मी ड्रायव्हरला तारीख, वार आणि "आदल्या संध्याकाळी" हे तिन्ही सांगते, आणि त्याच्याकडून परत वदवून घेते.