दोघींचे बाबा वेगळे: बहिणींच्या दुःखावर कुमारवयीनांसाठी कादंबरी कशी लिहावी

घरातलं माणूस गेल्यावर दोन बहिणींचं काय होतं, यावर लिहायला बसणारे बरेच जण सुरुवातीलाच फसतात. ते दोघींना एकच दुःख वाटून देतात. दोघी एकाच वेळी रडतात, एकाच प्रकरणात सावरतात. पण वडील गेले तेव्हा थोरली सतरा वर्षांची आणि धाकटी बाराची असेल, तर दोघींनी वेगवेगळी माणसं गमावलेली असतात. थोरलीला शेवटच्या महिन्यातला अबोला छळतो, धाकटीला आठवते सायकल शिकवलेली दुपार.

१. कथानकाआधी दोन याद्या करा. प्रत्येकीच्या मनातले बाबा, दहा-दहा आठवणींत. त्यात एक प्रसंग असा हवा, की घडला एकदाच पण दोघी तो वेगळा सांगतात. कादंबरीतलं मोठं भांडण बहुधा तिथेच सापडतं.

२. गोष्ट कोण सांगणार ते ठरवा. एकीनेच सांगितली, तर दुसरी फक्त बाहेरून दिसते, आणि ते चांगलंच आहे. सांगणारीला बहीण निर्दय वाटावी, पण ती तशी नाही हे वाचकाला तिच्याआधी कळावं. दोघींना आलटूनपालटून प्रकरणं देणार असाल, तर नाव झाकून कुठलंही पान वाचा. कोण बोलतंय हे ओळखू येत नसेल, तर सरळ एकीवर या.

३. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) बाजूला ठेवा. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्या मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं ते वेळापत्रक नव्हतंच. लेखकाच्या जास्त कामाची आहे मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट या मानसशास्त्रज्ञांची १९९९ मधली मांडणी. माणूस कधी गमावल्याच्या वेदनेकडे झुकतो, कधी रोजच्या जगण्याकडे, आणि हे हेलकावे चालूच राहतात. बहिणींच्या गोष्टीत खरी गंमत (शब्द चुकीचा वाटला तरी) ही, की दोघींचे हेलकावे जुळत नाहीत. थोरली बँकेच्या कागदपत्रांत बुडालेली असते, त्याच आठवड्यात धाकटी कोलमडते. थोरली अखेर रडायला मोकळी होते, तेव्हा धाकटी नवा ड्रेस घालून मैत्रिणीच्या वाढदिवसाला निघालेली असते. "तुला काहीच वाटत नाही का गं?" हे वाक्य मग आपसूक येतं.

४. एक वस्तू निवडा, फार नकोत. समजा, बाबांच्या फोनमधला पहाटेचा गजर रोज वाजतो. ताईला तो बंद करायचाय. धाकटी गुपचूप फोन चार्ज करून ठेवते. एवढ्यावर तीन प्रकरणं निघतात, आणि 'मला त्यांची आठवण येते' असं कुणालाच म्हणावं लागत नाही.

५. आईला विसरू नका. तिला तिचं दुःख द्या, पण मुलींचा गुंता तिच्याकडून सोडवून घेऊ नका. एखादीच्या मनात जीव देण्याचे विचार येणार असतील, तर पद्धतीचे तपशील लिहू नका, आणि तिला कुणाशी तरी बोलता येऊ द्या.

६. कच्चा खर्डा त्याच वयाच्या चार-पाच मुलामुलींना वाचायला द्या. 'आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. चूक कुणाची होती, ते विचारा. सगळ्यांनी एकाच बहिणीचं नाव घेतलं, तर दुसरीची यादी पुन्हा काढा.