ग्रिडमध्ये मराठी आडनावं वर्णमालेप्रमाणे कशी लावावीत

ग्रिड पानावर आली आहे आणि त्यात डेटा दिसतोय, असं धरून चालतो. मी एजी ग्रिड वापरतो, म्हणजे वेबपानावर टेबल दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी.

फोटो, पत्ता, बटणं यांच्या कॉलमचं 'सॉर्टेबल' बंद करा. यादी उघडताच आडनावांनुसार हवी असेल तर त्या कॉलमला 'इनिशियलसॉर्ट' द्या.

खरी गोम कंपॅरेटरमध्ये आहे, म्हणजे दोन मूल्यांत आधी कोण ते ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये. इंदूरच्या मराठी मंडळाची सभासद यादी घ्या. आडनावाच्या हेडरवर क्लिक केलं की काळे आधी येतात, कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, पण संगणकासाठी प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या युनिकोडने त्याला ल आणि व यांच्या मध्ये बसवलंय, आणि ग्रिड आपणहून फक्त ते आकडे बघते. क्षीरसागरही खऱ्यांच्या आधी, क मध्येच अडकतात.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'अ‍ॅक्सेंटेडसॉर्ट' चालू करा. अजिबात करू नका. तो ब्राउझरच्या भाषेचा क्रम घेतो. तुमच्या लॅपटॉपवर मराठी असेल तर सगळं झकास दिसेल. आपल्याकडच्या ऑफिसातला ब्राउझर हिंदीत किंवा इंग्रजीत असतो, तिथे काळे पुन्हा वर.

भाषा स्वतः सांगा. जावास्क्रिप्टच्या 'इंटल' मधला कोलेटर (भाषेच्या क्रमाने शब्दांची तुलना करणारी वस्तू) मराठीच्या 'एमआर' या कोडने, कंपॅरेटरच्या बाहेर, एकदाच बनवा आणि आत त्याच्या 'कंपेअर'ने आलेलं उत्तर परत करा. दर तुलनेला नवा कोलेटर बनवलात तर मोठी यादी रखडणारच. आणि कृपा करून 'ए मोठा की बी' याचं ट्रू-फॉल्स परत करू नका. ऋण, शून्य की धन, असा आकडाच हवा.

कोलेटरला 'न्यूमेरिक' चालू द्या, म्हणजे घर क्रमांक २ हा १० च्या आधी येतो. 'नंबर' फंक्शनच्या नादी लागू नका, त्याला देवनागरी अंक कळत नाहीत.

रिकाम्या आडनावांना कायम तळाशी ठेवायचं तर कंपॅरेटरचा पाचवा पॅरामीटर वापरा: क्रम उलटा आहे का, ते तो सांगतो. पहिलं मूल्य रिकामं असेल तर सरळ क्रमात धन आणि उलट्यात ऋण द्या, दुसरं रिकामं असेल तर नेमकं उलट, आणि दोन्ही रिकामी असतील तर शून्य. उलट्या क्रमात ग्रिड उत्तराचं चिन्ह स्वतःच फिरवते, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

वर्गणीच्या रकमा आकडे म्हणूनच साठवा. रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविराम फॉरमॅटरमध्ये, म्हणजे फक्त दाखवण्यापुरतं रूप देणाऱ्या फंक्शनमध्ये.

तपासायला चार नावं पुरतात. सरळ क्रमात कावळे, काळे, होळकर, क्षीरसागर असंच यायला हवं. सर्व्हर-साइड मॉडेल असेल, म्हणजे ग्रिड ओळी सर्व्हरकडून मागवत असेल, तर मात्र हा कंपॅरेटर एरवी चालत नाही, क्रम डेटाबेसमध्ये लावावा लागतो.