आई-बाप फडात, लेकरं गावात: ऊसतोडीच्या हंगामात शाळेनं काय करायचं

बीड जिल्ह्यात आणि शेजारच्या जालना, परभणी, धाराशिवच्या काही तालुक्यांत दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधल्या चार-पाच महिन्यांत गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. या लेकरांची शाळेची वेळ सहसा बरी जाते. सोबती असतात, दुपारी खिचडी असते. अवघड असतात त्या दोन वेळा: संध्याकाळी पाच ते रात्री नऊ, आणि सकाळी उठल्यापासून घंटा होईपर्यंत. शाळेला आणि गावाला जे काही करायचंय ते मुख्यतः या दोन वेळांसाठी आहे. अभ्यासाचे जादा तास त्यानंतर.

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत

सगळं काम याच दिवसांत होतं. टोळी निघाल्यावर धावपळ करून फार काही हाती लागत नाही.

घरोघर जाऊन यादी करा. मुलाचं नाव नि इयत्ता, घरातलं कोण कोण जाणार, कोण मागं राहणार, कारखाना कोणता, मुकादमाचा (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा) नंबर, आई-वडिलांचे दोन नंबर, चालू औषधं. आणि एक प्रश्न हमखास राहून जातो: रात्री मूल नेमकं कुणाजवळ झोपणार? ‘आजीकडे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. आजी एकटी आहे का, तिला नीट दिसतं-ऐकू येतं का, घरात आणखी कोण पुरुष माणूस येतं-जातं, हे बघून या. मुकादम शेजारी बसलेला असताना ‘लेकराला नेणार का?’ असं विचारू नका. त्याच्याकडून उचल (हंगामाची आगाऊ रक्कम) घेतलेली असते. त्याच्यासमोर आई-बाप मोकळं बोलत नाहीत.

नेमकी कुठली मुलं जातात तेही ओळखा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. अंगावरचं तान्हं आईसोबत जातं आणि ते सांभाळायला तिसरी-चौथीतली थोरली पोरगी. म्हणजे थोरलीला थांबवायचं तर बोलणं धाकट्याचं करावं लागतं. धाकटं तीन वर्षांच्या पुढचं असेल तर आजी नि अंगणवाडी मिळून जमतं; अंगणवाडीताईला घेऊनच त्या घरी जा. दूधपितं असेल तर पोरगी बहुतेक जाणारच. अशा घराशी हुज्जत घालण्यापेक्षा ती जिथं जाईल तिथली शाळा तिला मिळवून द्या.

हंगामी वसतिगृहाचा (मागं राहिलेल्या मुलांच्या हंगामापुरत्या सोयीचा) प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीकडं जातो. इथं एक गोची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि ऊसतोडीच्या गावात तेच पालक निघून जातात. मग डिसेंबरात सभेला गणसंख्या भरत नाही. म्हणून वसतिगृह, स्वयंपाकी, किराणा, खात्यावरच्या सह्या असे सगळे ठराव टोळ्या निघण्याआधी करून घ्या. सही करणाऱ्यांपैकी कुणी टोळीत जाणार असेल तर आधीच बदला. पैसा वेळेवर पडेलच असं धरू नका. किराणा दुकानदाराशी महिनाभराच्या उधारीचं आधी बोलून ठेवा.

संध्याकाळचं जेवण

अनेक गावांत वसतिगृह म्हणजे शाळेत जेवण, आणि झोपायला नातेवाइकांकडे. तसं असेल तर जेवणाला जरा जास्त जीव लावावा लागतो, कारण पोटभर जेवायची तीच एक खात्रीची वेळ. दुपारच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी असते. संध्याकाळी पुन्हा भातच घातला तर मुलं दोन घास खाऊन उठतात. भाकरी हवी.

तीस मुलांचा हिशेब असा. पंचेचाळीसेक भाकरी लागतात, त्याला ज्वारीचं पीठ साडेतीन किलो. तूरडाळ 900 ग्रॅम, भाजी सव्वादोन किलो, तेल पाव लिटर, शेंगदाण्याचं कूट अर्धा किलो. आठवड्यातून दोनदा मटकी किंवा हरभरा भिजवा. बचत गटातल्या दोन बायका हे आरामात करतात. भाकरी दुपारी थापून ठेवल्या की साडेसहापर्यंत कडक होतात आणि लहानग्यांना चावत नाहीत. पाचनंतर थापा, टोपल्यात फडक्यात गुंडाळून ठेवा. वरण तळापासून ढवळूनच वाढा, नाहीतर पहिल्या दहा जणांना पाणी जातं. पहिली-दुसरीच्या मुलांना आधी बसवा. थोरल्यांची पंगत उठेपर्यंत ती पेंगतात आणि उपाशी झोपतात.

सकाळच्या चहा-बिस्किटावर भागवू नका. पोहे, उपमा, गूळ-शेंगदाणे, काहीही चालेल. लोहाची गुलाबी गोळी (45 मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक आम्ल) आठवड्यातून एकदा असते. ती दुपारच्या जेवणानंतर द्या. उपाशीपोटी दिली की मळमळतं, एकाला उलटी झाली की बाकीची हात मागं घेतात. चहाबरोबर तर नकोच. चहानं लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं हे मुलांना नि आज्यांना आधी सांगा, नाहीतर गोळ्या कोनाड्यात सापडतात.

पाच ते नऊ

पाच ते सहा खेळ. सहाला हातपाय धुणं, साडेसहाला पंगत, मग पाऊण तास अभ्यास किंवा गोष्ट. लाइट जाणार हे धरून चार्जिंगचे दोन दिवे ठेवा. वर्गात कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. एकट्या माणसाच्या हवाली मुलं करायची नाहीत, तो कितीही विश्वासातला असो.

घरी सोडताना गल्लीनुसार गट करा आणि प्रत्येक मूल घरातल्या ठरलेल्या माणसाच्या हाती द्या. वहीत वेळ नि सही-अंगठा. दारापर्यंत सोडून परत फिरणं पुरेसं नाही. आजी सप्ताहाला गेलेली असते आणि मूल अंधारात ओट्यावर बसून राहतं. मुलाशी काही वावगं घडल्याचा संशय आला तर गावात मिटवामिटवी नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहा.

फोन

आठवड्यातून एक ठरलेला वार. वेळ आई-वडिलांनाच विचारा, कारण पहाटेपासून तोड आणि मग रात्री-अपरात्री गाडी भरणं असा त्यांचा दिवस असतो. कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) मोबाइल चार्ज असेलच असं नाही. न लागल्यास दुसरा नंबर, तोही न लागल्यास मुलाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ‘फोन लागला नाही’ म्हणून मुलाला नुसतं परत पाठवू नका.

फोनआधी मुलाला विचारा, काय काय सांगायचं? तीन गोष्टी ठरवून घेतल्या की ‘जेवलास का, हो’ एवढ्यावर बोलणं संपत नाही. बाजूला सगळा वर्ग उभा नको. मुलाची तक्रार त्या फोनवर करू नका. तिकडून रागावण्याशिवाय आईच्या हाती काहीच नसतं. आई-वडिलांनाही एक विनंती करा: ‘संक्रांतीला येते’ असं सांगू नका. पट्टा कधी पडेल ते उसावर नि कारखान्यावर अवलंबून. चुकलेल्या तारखेनंतरचा आठवडा शाळेत सगळ्यांत वाईट जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फोनच्या वारांना गोल करा, परतीच्या तारखेला नको.

काय बघायचं

दप्तरात भाकरीचे तुकडे साठवणं. परिपाठात डुलक्या. रोज पोटात दुखणं. अंथरूण ओलं होणं. बडबडं मूल गप्प होणं, किंवा गप्प मूल मारामारीवर उतरणं. अशा वेळी आधी साध्या गोष्टी तपासा: रात्री काय खाल्लं, किती वाजता झोपलं, डोक्यात उवा आहेत का, कान फुटलाय का. निम्म्या तक्रारींचं मूळ इथंच सापडतं. उवांना तेल लावून बारीक दातांच्या फणीनं दर दोन दिवसांनी विंचरणं, दोन आठवडे, घरातल्या सगळ्यांचं. आशाताईंकडून औषध मिळालं तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं, कारण लिखा उरतात.

मग बोलणं. समोर बसवून ‘आईची आठवण येते का?’ विचारू नका. शेंगा निवडताना, झाडांना पाणी घालताना मूल आपणहून बोलतं. आणि स्वेटरवाटपाचे फोटो काढून त्यांना वेगळ्या रांगेत उभं करायचं सोडा. शाळेत या मुलांची निराळी ओळख जितकी कमी, तितकं बरं.

सणाचं आधी ठरवा. लातूर-धाराशिवकडं येळवसला (वेळा अमावास्येला) सगळं गाव शेतात जातं, भज्जी-आंबिल होते, आणि आई-बाप फडात असलेलं मूल गल्लीत एकटं उरतं. आठ दिवस आधी घरं ठरवून प्रत्येक घरी दोन-दोन मुलं नावानिशी सोपवा. ‘कुणीही या’ म्हटल्यावर कुणीच जात नाही.

आज्यांची बैठक महिन्याला एकदा, बाजारचा दिवस टाळून. मुख्य विषय रेशन. मशीनला म्हातारीचं बोट लागत नाही आणि तिकडं कारखान्यावर तिच्या लेकानं त्याच कार्डावर पूर्ण धान्य उचललं तर इथं काहीच उरत नाही. किती तिकडं, किती इकडं हे टोळी निघण्याआधी घरात ठरवून घ्यायला लावा.

जी मुलं जातातच

शिक्षण हमी कार्ड (मूल कोणत्या इयत्तेत, कुठवर शिकलंय याची दुसऱ्या शाळेसाठीची नोंद) भरून सोबत द्या, पुस्तकं द्या, पटावरून नाव काढू नका. दाखला नाही म्हणून कारखान्याजवळची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे पालकांना तोंडपाठ करून पाठवा. तिथल्या मुख्याध्यापकांना तुम्हीच फोन करा. कार्डापेक्षा तो जास्त कामाला येतो. कर्नाटकात जाणारी टोळी असेल तर जवळ मराठी शाळा आहे का ते आधी काढा.

मार्च-एप्रिलमध्ये ती परततात तेव्हा सकाळची शाळा आणि परीक्षेची घाई सुरू असते. पहिले चार दिवस चाचणी नको. जुन्या सोबत्याशेजारी बसवा, पायाच्या जखमा, उसाच्या पाचटानं कापलेले हात बघा, प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन आणि रक्त तपासून घ्या. वाचन कुठवर आलंय ते पाचव्या दिवशी ऐका आणि मागं पडलं असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत रोज तासभर, आई-बाप गावात असतानाच, भरून काढा.