देशपांड्यांच्या दप्तराचा रुमाल सोडण्याआधी

वऱ्हाडातल्या जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यात माळ्यावरची पेटी उतरवली, की सनदा, ताकिदी, ताळेबंद आणि त्यांच्या पोटात लग्नाची यादी, सोयऱ्यांची पत्रं, हातउसन्याच्या चिठ्ठ्या निघतात. कारभार घरूनच चालायचा, त्यामुळे सगळं एकाच रुमालात, म्हणजे दप्तर बांधायच्या कापडात. सरकारी एका बाजूला नि घरगुती दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करू नका. बिनतारखेच्या पत्राचा काळ पुष्कळदा शेजारच्या कागदावरूनच लागतो. ढीग पाडले की तो दुवा गेला. फरक दाखवायचाच तर यादीत एक रकाना ठेवा.

दिवाळीनंतर कामाला लागा. पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात, मे महिन्यात घडीवर कडकन तुटतात. उन्हात वाळत घालणं तर सोडूनच द्या, पंखाही बंद ठेवा. धुतलेले, कोरडे हात पुरेत. सुती हातमोज्यांत फाटकी कड अडकते.

बांधलेल्या रुमालाचा आधी फोटो घ्या, मग गाठ सोडा. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक टाका: 2/5/14, म्हणजे रुमाल 2, पुडकं 5, कागद 14. पेन नकोच. गंजलेली टाचणी ओढू नका; गंज कागदात रुतलेला असतो, खालून पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून ती सैल करा. लांब कागदाचे बंद, म्हणजे एकाखाली एक चिकटवलेले तुकडे, सुटले असतील आणि जोडावर मागून शिक्का उमटवलेला असेल, तर शिक्क्याचे दोन अर्धे जुळवून क्रम लागतो.

चिकटलेल्या घडीवर पाणी शिंपडायचा मोह होतो. मोडीची जुनी शाई काजळी नि डिंकाची; ओल लागली की पसरते. इंग्रजी अमलातल्या कागदांवर बरेचदा लोहयुक्त शाई असते, ती ओल मिळाली की कागदच खाते. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन तिन्ही वर्ज्य. फाटलेला कागद दुमडलेल्या कोऱ्या कागदात तसाच ठेवा, बाकीचं जाणकारावर सोडा.

तारखेत मात्र घाई चालत नाही. जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो: ‘सलास खमसैन मयातैन व अलफ’ म्हणजे 3 + 50 + 200 + 1000, शुहूर सन 1253. इसवी सन काढायला त्यात 599 मिळवा, जानेवारी ते मे महिन्यांतला कागद असेल तर 600, आला 1852-53. वऱ्हाडच्या फसली सनात, म्हणजे महसुली वर्षात, 590 किंवा 591 मिळवायचे. दोन्ही सन एकाच कागदावर असले तर फसली शुहूरपेक्षा 9 नं जास्त हवा. तसा नसेल तर वाचन चुकलंय, बहुतेक ‘सबा’ (7) नि ‘तिसा’ (9) यांत गल्लत. ‘छ’ नंतरचा आकडा मुसलमानी महिन्यातली चंद्रतारीख असते. ती चैत्र-वैशाखात बसवू नका.

बांधायला धुतलेलं, बिनखळीचं मांजरपाट घ्या. वेखंडाची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला लावू नका. पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर. वाळवी भिंतीतूनच चढते, आणि कवेलू गळतात ते नेमके माळ्यावर.

जातपडताळणीसाठी कुणी एखादं पान मागितलं तर मूळ देऊ नका. मागचं-पुढचं पान आणि रुमालाचा क्रमांक दिसेल असा फोटो द्या, सुट्या पानाला पुरावा म्हणून फारसं वजन नसतं. भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर रुमाल जाण्यापेक्षा पुराभिलेखागाराच्या नागपूर कार्यालयात विचारा. ऐतिहासिक मोलाचे 75 वर्षांवरचे दस्त 1972 च्या कायद्यानं पुरावस्तूंत मोडतात, खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत.